सिंधूच्या महालक्ष्म्या आणि पिटुकला उंदीर

लिही जुई, आज तुझ्या आईचं, सिंधूचं लिही. ती स्वतः काही सांगायची नाही.

गोविंदपुऱ्याच्या वायरीच्या कारखान्यात सिंधू स्टोअर सांभाळते. तिथं उंदीर म्हणजे रोजचेच. घरी आली की सांगायची, घूस मांजराएवढी असते, जमीन पोखरून बिळाशी मातीचा ढीग घालते. काळा उंदीर सडपातळ, शेपूट अंगाहून लांब, डोंबाऱ्यासारखा तारेवरून चालतो. आणि चिचुंद्री तर उंदीरच नाही म्हणे, झुरळं खाते बिचारी. मी म्हणायची, "अगं, जेवताना तरी तुझं उंदीरपुराण बंद कर!"

तर मागच्या वर्षी आपल्या घराण्याच्या महालक्ष्म्या नागपूरहून इथं भोपाळला, टी. टी. नगरच्या क्वार्टरात आल्या. तिकडे माझ्या जावेचे, मंगलाचे गुडघे गेले ना, म्हणून. माझे दीर भालचंद्र भाऊजी स्वतः घेऊन आले, पण मनात शंका. म्हणाले, "वहिनी, सून नोकरीवाली. यंदा बघतो. नाही जमलं तर वर्ध्याच्या चुलत घरी देऊन टाकतो." सिंधूनं ते ऐकलं. रात्रंदिवस राबली बापा.

धान्यानं भरलेल्या कोठ्यांवर दोघी बसल्या, साड्या नेसल्या, काय रूप आलं होतं! आणि संध्याकाळी ज्येष्ठेच्या निऱ्या हलल्या.

"उंदीर!" भाऊजी ओरडले. "साडी कुरतडली तर अपशकून! कोठी सरकवा!"

"काका, बसलेल्या महालक्ष्म्या हलवायच्या नाहीत," सिंधू म्हणाली.

"मग औषध घाला."

मी म्हटलं, "भाऊजी, घरात गणपती बसलाय. त्याच्यासमोर त्याचंच वाहन मारता?"

सिंधूनं पदर खोचला, बॅटरी घेऊन कोठीमागं वाकली. लेंड्या पाहिल्या आणि हसली. "जिऱ्याएवढ्या आहेत. हा पिटुकला. मोठा उंदीर असता तर पंचाईत होती, तो नवीन वस्तूला भितो, चार-चार दिवस पिंजऱ्याकडं फिरकत नाही. हा भारी चौकस. नवं दिसलं की आधी तोंड घालणार."

माळ्यावरचा पिंजरा काढला, दाण्याचा कूट नि गूळ लावला, भिंतीला चिकटवून ठेवला. हे उघड्यावरनं पळत नाहीत, भिंतीच्या कडेकडेनंच जातात. मग म्हणाली, "चला, सगळे आत चहाला."

भाऊजींचा कप ओठाला लागतो न लागतो तोच खट्ट!

इवलासा होता गं, कान तेवढे मोठे. सिंधूनं आधी निऱ्या तपासल्या. एक धागा तुटला नव्हता. तेव्हा कुठं ती भिंतीला टेकली.

तुझे बाबा चप्पल घालायला लागले तर भाऊजी म्हणाले, "थांब हेमंत, मी पण येतो." स्कूटरवर मागं बसले, मांडीवर पिंजरा! मी म्हटलं, "वाहनाला वाहन मिळालं हो!" शाहपुऱ्याच्या तळ्याकडच्या झाडीत सोडून आले.

आल्या आल्या भाऊजींनी दारातूनच नागपूरला फोन लावला. पार शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा आवाज. "मंगला, वर्ध्याला नाही म्हणून कळव. महालक्ष्म्यांना भोपाळ मानवलं. आता दरवर्षी आपण इकडंच यायचं."

सिंधू पुरणाची डाळ निवडत होती. मान वर केली नाही तिनं. मी मात्र उठले आणि क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत सांगून आले, माझी सून आहे म्हणून.