शेळीच्या तोंडातलं पोस्टर

लेकीच्या पतंगासाठी गव्हाच्या पिठाची खळ शिजवत होते. तो गोडसर वास नाकात गेला आणि मी थेट माहेरच्या वारंगा फाट्यावर, सलीमचाचांच्या चहाच्या हॉटेलासमोर जाऊन उभी राहिले.

मी तेव्हा शाळेत होते. निवडणूक होती. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, हॉटेलाच्या भिंतीवर आपल्या उमेदवाराचं पोस्टर खळीनं चिकटवलं होतं. दुपारी ते अर्धं फाटलेलं दिसलं.

"चाचानंच फाडलं!" दादासोबतची प्रचाराची पोरं ओरडू लागली.

मला वाटलं, दादा आता विचारेल, "डोळ्यानं पाह्यलं का?" वाद कोणताही असो, आधी हे विचारायचं, असं त्यानंच मला शिकवलेलं.

त्यानं विचारलं नाही. मग मीच हॉटेलामागून आमची शेळी ओढत आणली. खळीच्या चवीनं तिनं कागद खाल्ला होता. उमेदवाराचा अर्धा चेहरा अजून तिच्या तोंडात होता.

"दादा, हे बघ की!"

त्यानं बघितलं. नीट बघितलं. मग म्हणाला, "तू मधी काहून येऊन राहिली? शेळी घेऊन घरी जाय."

माझ्या पाठीमागं चहाचे ग्लास फुटले.

आजही माहेरी गेले की दादा टीव्हीवरच्या विरोधकांना दरडावत असतो, "पुरावा दाखवा, पुरावा!"

मी चहाचा ग्लास त्याच्यापुढं आपटूनच ठेवते.