अर्धी कळशी गाडीला

बोनेटवर हात ठेवला. बोनेट गार होतं. मी निश्चिंत झालो.

जुनी गाडी बघायला जायचं असलं की मालकाला आदल्या दिवशी निरोप धाडायचा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ हा माझा नियम होता. इंजिन आधीच गरम करून ठेवलं की त्याची निम्मी दुखणी झाकली जातात. थंड इंजिन खरं बोलतं, असं मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगायचो. इतक्यांदा सांगायचो, की आमचे फिटर माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात ते वाक्य म्हणून दाखवायचे.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात व्हेइकल फोरमन होतो. कारखान्याच्या ट्रक, ट्रॅक्टर, जीप, सगळ्यांचं आजारपण माझ्याकडे. त्या वर्षी मोठा दुष्काळ पडला होता. ऊसच नाही म्हटल्यावर गाळप कसलं? भोंगा बंद होता. त्या भोंग्यावर जेवायची आम्हाला इतकी सवय, की तो वाजेना म्हणून डबे संध्याकाळपर्यंत तसेच राहायचे. आज हसू येतं, तेव्हा रिकामा कारखाना बघवत नव्हता.

अशाच एका दुपारी चेअरमन वर्कशॉपमध्ये आले आणि पडलेल्या टायरवर बसले. त्यांना सगळा तालुका अण्णा म्हणायचा, मीही.

“फोरमन, एक जीप घ्यायची हाय. जुनीच. पण फोर-व्हील पायजे.”

“कारखाना बंद, आणि गाडी कशाला अण्णा?”

“डोंगरातल्या वस्त्यांवर डॉक्टर धाडायचाय. तिथली तरणी माणसं समदी ऊसतोडीला गेल्यात, लांब, पाण्याच्या मुलखात. मागं म्हातारी अन लेकरं. मागल्या महिन्यात एका म्हातारीला बाजंवर घालून खाली आणलं. दवाखान्यात पोचेस्तोवर सपलं.”

साध्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना जाते. फोर-व्हीलमध्ये एक जादा लिव्हर असते. ती ओढली की पुढची चाकंही ओढायला लागतात. आमचे ड्रायव्हर त्याला ‘फ्रंट लावणे’ म्हणत. बालाघाटातल्या त्या दगडगोट्यांच्या वाटेवर फ्रंट नसेल तर गाडी अर्ध्यातूनच परत यायची.

“गाडी कुणाची बघायची?”

“आमच्या पाव्हण्याची. आबासाहेबांची.”

आबासाहेब म्हणजे केजकडचे मोठे बागायतदार आणि अण्णांचे व्याही. अण्णांची मुलगी शालन त्या घरात दिलेली. मला तिथेच घाम फुटला. चेअरमनच्या व्याह्याच्या गाडीत खोट काढायची म्हणजे आपल्या पायावर आपणच पाना टाकून घ्यायचा.

“तुमी माझ्याकडं बगू नका. गाडीकडं बगा,” अण्णा म्हणाले. बोलायला काय जातंय!

तर अण्णा आणि मी पोचलो तेव्हा ती गाडी आबासाहेबांच्या दारात उभी होती आणि बोनेट गार होतं. सेल्फ मारला, पहिल्या झटक्याला इंजिन चालू. धूर जरासा, तोही लगेच विरला. मग ऑइल टाकायचं झाकण उघडून वर तळहात धरला. इंजिन झिजलेलं असेल तर तिथून फकाफक वारं आणि धूर येतो. त्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. काही आलं नाही. ऑइलची पट्टी काढली, त्यात पाण्याचा अंश नाही. खाली आडवा होऊन चेसिस, गिअरबॉक्स, जॉइंट सगळं बघितलं. रेडिएटर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची टाकी, गळ्यापर्यंत भरलेला. अशी राखलेली जीप मी फार दिवसांनी बघत होतो. खरं सांगायचं तर मी तिच्या प्रेमातच पडलो.

“अण्णा, इंजिन एक नंबर आहे,” मी सगळ्यांसमोर म्हणालो.

आबासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. “आमच्या घरची वस्तू हाय, फोरमन.”

ओसरीवर चहा आला. शालनने आणला. डोक्यावर पदर, मान खाली. हीच मुलगी लहानपणी अण्णांचा डबा घेऊन कारखान्यावर यायची आणि घरी जायच्याऐवजी माझ्या वर्कशॉपमध्ये रेंगाळायची. हे काय, ते कशाला, हात काळे करून घ्यायची. ‘काका’ म्हणायची. तिला असं गुमान उभी बघून मला गलबलून आलं. मी पाणी मागितलं. तिने अर्धाच पेला दिला.

“राग मानू नका काका. टँकर दोन दिसाआड येतोय. त्यातबी रोज सकाळी अर्धी कळशी गाडीला लागती, मग आमच्या हंड्यात.”

“सूनबाई, पाव्हण्यांम्होरं पाण्याचं रडगाणं कावून?” आबासाहेब म्हणाले. ती आत गेली.

मी पेला हातात धरून बसलो. रोज अर्धी कळशी? डिझेलच्या गाडीला रेडिएटरमध्ये पाणी लागतं, पण महिन्याकाठी एखादा तांब्या वर टाकला तरी पुष्कळ. आणि जीपखाली तर थेंबसुद्धा नव्हता. मग ते पाणी जात होतं कुठं?

मला एकच जागा माहीत होती. इंजिनाच्या सिलिंडरांवर लोखंडाचं जाड झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. त्याच्या पोटातून पाणी खेळतं. हेडला बारीक चीर गेली की पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. काही चिरा तर अशा लबाड, की गार असताना मिटलेल्या राहतात आणि लोखंड तापलं की उघडतात. म्हणजे गाडी थंड ठेवा, असा निरोप धाडून मीच माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. आणि वर ‘एक नंबर’ म्हणून मोकळाही झालो होतो.

आता बोलायचं कसं? शालनचं नाव घेतलं तर आम्ही गेल्यावर तिला त्या घरात बोलणी खावी लागणार. गप्प बसलो तर उद्या हीच गाडी रोगी घेऊन घाटात जाम होणार.

“अण्णा, फ्रंट तपासायचा राहिला,” मी म्हणालो. “डोंगरावर एक चक्कर मारून येऊ.”

“आत्ता तर एक नंबर म्हणलात की,” आबासाहेब म्हणाले.

“इंजिन म्हणालो. फ्रंट चढावरच कळतो.”

निघताना रेडिएटर भरलेला आहे हे बरोबर येणाऱ्या दोघांना, अण्णांना आणि आबासाहेबांना, दाखवलं आणि कॅप स्वतःच्या हाताने घट्ट लावली. फ्रंट लावून, लो गिअरमध्ये, तासभर ती जीप घाट चढत राहिली. एकदाही अडली नाही. वर पोचलो तेव्हा टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकला होता.

वरच्या वस्तीवर लिंबाखाली गाडी थांबवली. गरम रेडिएटर लगेच उघडला तर तोंड भाजतं, म्हणून पाऊण तास बसलो. मग कॅप काढली. पाणी वीतभर खाली गेलेलं. मी दोघांना जीपखाली वाकायला लावलं. माती कोरडी ठणठणीत. इंजिन चालू केलं, तर रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे यायला लागले, म्हणजे सिलिंडरमधली हवा पाण्यात घुसत होती.

“आबासाहेब, हेडला चीर आहे. गाडी पाणी पिते.”

“उन्हाळ्यात कुठली गाडी पाणी पीत न्हाई?”

“एवढं नाही पीत. अण्णा, मघाशी मी चुकीचं बोललो. माझी चूक.” हे बोलताना मला फार लाज वाटली. तोपर्यंत दिलेला शब्द मी कधी मागे घेतला नव्हता.

 अण्णांनी व्याह्याकडे बघणं टाळलं. आणि आता नवीनच अडचण. तेवढ्या पाण्यावर गाडी खाली नेली तर इंजिन बसणार. वस्तीवर पाणी कुणाकडे मागायचं?

एका घरातून म्हातारा बाहेर आला. त्याने विचारलं, मी सांगितलं. तो आत गेला आणि घागर तिरकी करून एक चरवी भरून घेऊन आला.

“बाबा, राहू द्या. तुम्हाला प्यायला काय?”

“उद्या टँकर हाय खालच्या गावात. ह्यीच का डाक्टरची गाडी?”

“घ्यायचं चाललंय,” अण्णा म्हणाले.

“मग वता बिनघोर. माझी म्हातारी बाजंवर गेली. आता तरी गाडी येऊ द्या.”

चरवी त्याने नेमकी आबासाहेबांच्या हातात दिली. पागोट्याचा तो मोठा माणूस चरवी धरून नुसता उभा राहिला. मग त्याने स्वतः रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, एक थेंब न सांडता. आम्ही घाट उतरायला लागलो. शेवटच्या वळणावर आबासाहेब म्हणाले, “फोरमन, हेड मी बदलून देतो. नवं टाका. मग न्या.”

तसंच झालं. हेड उतरवलं तेव्हा चीर सापडली, केसाएवढी. नवं बसवलं, आणि पुढे कितीतरी वर्षं ती जीप डोंगर चढत राहिली. त्याच उन्हाळ्यात तिच्यातून एक बाळंतीण वेळेत खाली आली. पाऊस झाला, ऊस आला, भोंगा परत वाजला. आता मला त्या सगळ्याची फार आठवण येते. हल्लीच्या गाड्यांचं बोनेट उघडलं तर नुसतं प्लास्टिक दिसतं.

मी रिटायर झालो तेव्हा शालन घरी भेटायला आली होती. केस पिकलेले, आवाज मात्र वर्कशॉपमधलाच. मी तिला म्हणालो, “त्या दिवशी तू सहज बोलून गेलीस म्हणून वाचलो गं. नाहीतर मी गाडी पास केली होती.”

 ती हसली.

“सहज? काका, गाडी पाणी पियाला लागली की आजारी समजायची, हे मला कुणी शिकवलं व्हतं? मामंजींम्होरं सुनेनं आणखी कसं सांगावं?”

त्यानंतर सेकंडहँड गाडी बघायला कुणी नेलं की मी आधी घरात जाऊन पाणी मागतो. आणणारी जे काही बोलेल ते नीट ऐकतो. बोनेट नंतर उघडतो.