रस्त्यावरचा मोर

आमचं गाव शनिशिंगणापूर. तिथल्या आमच्या घराला चौकट होती, दार नव्हतं, रीतच तशी. वडिलांना नगरच्या एमआयडीसीत काम लागलं आणि आठव्या वर्षी मी शहरातल्या एका गल्लीत राहायला आले. इथल्या खोलीला दार होतं, वर कडी, खाली कडी. आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर एक वेल्डिंगवाले काका दिवसभर काय बनवायचे, तर दारंच!

काकांची जाळीची दारं तांबडा प्रायमर लावून वाळायला उभी असत. कशावर मोर, कशावर उगवता सूर्य. ऊन कललं की त्यांच्या सावल्या रस्त्यावर पसरायच्या. मी सूर्यावरून उडी मारायची, मोराच्या पिसाऱ्यातून चालायची. अख्ख्या नगरात याहून सुंदर गल्ली नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. ते मत आजही बदललेलं नाही.

आईला मात्र गल्ली डोळ्यांसमोर नको होती. "लई खडखड, त्यात हा जळका वास. कडी लावून अंधारात बसायचं. दिवाळी झाली की आपुन गावाकडं. तुझे पप्पा येत्याल-जात्याल यष्टीनं."

मला ही गल्ली सोडायची नव्हती.

अशात एका संध्याकाळी आई भाजी आणायला गेली आणि मी खेळायला पळाले. दार लावायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. शिंगणापूरच्या पोरीच्या कसं येणार? परतले तेव्हा आई समोरून धावत येत होती आणि आमच्या उंबऱ्यावर काका बसले होते.

"ताई, दार सताड उघडं दिसलं. म्हटलं, कुणी येईपर्यंत बसावं," एवढं बोलून ते कामाला गेले.

आई हात उगारून माझ्यामागे आत आली आणि थबकली. उघड्या दारातून मोर थेट आमच्या फरशीवर आला होता, पिसारा पार गॅसच्या ओट्यापर्यंत.

"रोज येत असंल," मी म्हटलं. "आपुनच कडी लावून बसतो."

आईचा हात खाली आला. ती उंबऱ्यातच बसून मेथी निवडू लागली. अंधार पडेपर्यंत दार उघडं होतं.

दिवाळीला तिने गावाचं नाव काढलं नाही. घरात एकच खरेदी झाली, काकांकडून जाळीचं दार. "मोराचंच पायजे," असं तिने त्यांना दोनदा बजावलं होतं.