सातवा पेला

पाळणाघरवाल्या मावशींना मुलं 'माची' म्हणत, कारण 'मावशी' एवढा लांबचा पल्ला त्यांच्या जिभेला झेपत नसे. नवरा गेल्यावर मावशींनी पुढची मोठी खोली मुलांसाठी रिकामी केली आणि मागच्या खोलीत स्वतःचं नि लेकीचं बस्तान हलवलं. मूल चालायला लागलं की त्या ठेवून घेत आणि शाळेत जाईपर्यंत सांभाळत. परवाना सहा मुलांचा होता. सातव्यासाठी कुणी कितीही गयावया केली तरी त्या हात जोडत.

"माझ्या नजरेत सहाच मावतात हो. सातवं निसटलं, तर तुम्हीच माझ्या नावानं बोटं मोडाल."

आईबापांमध्ये त्यांचं नाव होतं ते दुधामुळे. दूध न पिणारी मुलं त्यांच्याकडे येऊन मिशा पांढऱ्या करून घरी जात. नियम परवाना देणाऱ्या कार्यालयाने घालून दिलेला होता: दोन वर्षांपर्यंत साईसकट दूध, पुढे साय काढलेलं, साखर नाही, बाटली नाही, पेल्यातूनच प्यायचं. साईसकट दुधासाठी मावशींनी लाल पेले ठेवले होते, हलक्या दुधासाठी पांढरे. दोन्हींना दोन कान, म्हणजे इवल्या हातांना धरता यावेत.

पण कोणाला कुठला पेला, हे ठरवण्याची त्यांची रीत कार्यालयाला ठाऊक नव्हती. दुपारी मुलं झोपली की पडदे ओढलेले असत. झोपेतून दचकून उठलेलं मूल संध्याकाळपर्यंत किरकिरतं, म्हणून दूध तयार झाल्याशिवाय मावशी उजेड होऊ देत नसत. त्या अंधुक खोलीत अनवाणी शिरायच्या आणि गाद्यांच्या रांगेतून जाताना एकेका डोक्यावर तळहात टेकवायच्या. कुणाला कणकण आहे, कुणाला घाम फुटलाय, सगळं हाताला कळे. टाळू मऊ लागली की लाल पेला, भरलेली लागली की पांढरा. मग स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर तेवढे पेले मांडायच्या आणि दूध ओतायच्या. मोजायची त्यांना गरजच पडत नसे.

त्यामुळे एक दिवस सगळ्यांना दूध देऊन झाल्यावर हातातल्या ताटात एक लाल पेला उरला, तेव्हा त्यांना हसूच आलं. एखाद्या डोक्यावर दोनदा हात फिरला असेल. उभ्या उभ्या तो पेला त्यांनीच रिचवला.

दुसऱ्या दिवशीही पेला उरला. त्यानंतरच्या दिवशीही.

मग मावशी जपून चालल्या. रांगेत शेवटची गादी गोट्याची. केस जेमतेम उगवलेला, अडीच वर्षांचा हा गडी भिंतीकडे तोंड करून झोपे. त्याच्या डोक्यावर हात ठेवून झाला आणि हात सवयीने पुढे सरकला. गोट्या आणि भिंत यांच्यामध्ये आणखी एक डोकं होतं. केस विरळ, झोपेच्या घामाने ओलसर. तळहाताखाली टाळू हळूहळू वर-खाली होत होती.

मावशींनी हात काढला आणि जाऊन पडदा सारला. गोट्या होता, भिंत होती आणि मध्ये वीतभर चटई. चटईला हात लावून पाहिला, तर ती ऊन होती.

संध्याकाळी लेक कामावरून आली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. लेकीने आधी त्यांच्या कपाळाला हात लावला.

"ताप नाहीये मला."

"मग डोळे तपासून घेऊ या, आई."

"डोळ्यांचा काय संबंध? हाताला लागलं म्हणते ना मी!"

"आई, आयुष्यभर तू डोकीच चाचपत आलीस. भोपळा ठेवला तरी त्याला दूध देशील."

मावशीही हसल्या, पण दुसऱ्या दिवशी उरलेला पेला त्यांनी स्वतः प्यायला नाही. भिंतीपाशी ठेवला. भांडी गोळा करायला गेल्या तेव्हा तो रिकामा होता. गोट्या आपला पांढरा पेला पोटाशी धरून बसलेला.

"गोट्या, लबाडा, लाल पेल्यातलं तू प्यायलास?"

गोट्याने नाही म्हणून मान हलवली. "बाळाचं आहे ते," तो म्हणाला आणि मावशींनी रागावू नये म्हणून भिंतीपासून जरा लांब सरकून बसला.

मावशींनी पुन्हा विचारलं नाही. घरात आलेलं लेकरू उपाशी राहू द्यायचं नाही, एवढं एकच व्रत त्यांनी जन्मभर पाळलं होतं. हे कुणाचं, कुठून आलं, याची चौकशी त्यांनी मनातल्या मनातही केली नाही. आपल्याला भीती कशी वाटत नाही, याचंच त्यांना नवल वाटे. उलट हात तिथवर पोचला की जिवाला बरं वाटे. आईबाप घड्याळाकडे बघत मुलं टाकून जात नि घड्याळाकडे बघत घेऊन जात. याचं तसलं काही नव्हतं.

विपरीत घडलं ते वेगळ्याच बाजूने. एका बाईच्या मुलाला मावशींनी जागा नाही म्हणून नकार दिला होता. ती पुन्हा विनवायला आली आणि तिने ओट्यावर पालथे घातलेले सात पेले पाहिले. 'आम्हाला नियम सांगतात आणि स्वतः सातवं मूल लपवून ठेवतात,' असं तिने कार्यालयाला कळवलं. परवाना नव्याने व्हायचाच होता. तपासणीला माणूस येणार, असा निरोप आला.

सकाळी निघताना लेक दारात थांबली. आज तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"आई, सात पेले दिसले तर सातवं मूल कुठंय असं विचारतील. मूल नाही म्हणालीस तर तुला मोजता येत नाही असं लिहितील. दोन्हीकडून परवाना जाणार. आज सहाच. कळलं?"

"कळलं गं."

"माझ्या गळ्याची शपथ घे."

"शपथा कसल्या घालतेस? सहा म्हणजे सहा."

तपासणीच्या बाई नेमक्या दुपारच्या झोपेला आल्या. शांत होत्या, चपला स्वतःहून बाहेर काढल्या. दुधाची तारीख पाहिली, पेले हुंगले, मावशींची टाळूची रीत ऐकून घेतली.

"मावशी, टाळू दीड वर्षातही भरते. मग त्या पोराला सहा महिने साय मिळायची नाही. दूध जन्मतारखेवरच द्यायचं."

हे मावशींना पटलं. इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही, याची चुटपुट लागली.

"एरवी कसं करता ते दाखवा बरं," बाई म्हणाल्या आणि दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या.

मावशी आत गेल्या. एकेक डोकं झालं. गोट्या झाला. हात सवयीने पुढे गेला, आणि ते डोकं आपणहून वर येऊन त्यांच्या तळहाताला टेकलं. दुधाची वेळ झाली हे ओळखीच्या पावलांवरून ज्या मुलाला कळतं, ते असंच करतं.

मावशींच्या पाठीवर बाईंची नजर होती. त्यांनी हात हळूच मागे घेतला.

ओट्यावर सहा पेले लागले. बाईंनी पडदा सारून मुलं मोजली, कपाटामागे, मागच्या खोलीत, न्हाणीघरात पाहिलं. गोट्या पेला तोंडाला न लावता भिंतीकडे बघत बसला होता. "हा का पीत नाही?" बाईंनी विचारलं. "नवीन माणूस दिसलं की लाजतो," मावशी म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा एखाद्या मुलाबद्दल त्या खोटं बोलल्या.

"तक्रार खोटी आहे. परवाना मिळेल तुम्हाला," निघताना बाई म्हणाल्या.

आईबाप येऊन आपापलं मूल घेऊन गेले. शेवटी गोट्या गेला. वडिलांच्या खांद्यावरून तो खोलीकडे बघत राहिला, हात मात्र हलवला नाही. दार लावून मावशी गाद्या गोळा करू लागल्या, आणि त्यांना रडणं ऐकू आलं.

ते दुखण्याचं रडणं नव्हतं, की आई हवी म्हणून घातलेला आकांतही नव्हता. थांबून थांबून, ओठ चोखत, पुन्हा सूर लावणारं ते भुकेचं रडणं होतं. मावशींनी घाईघाईने दूध कोमट केलं, लाल पेला भिंतीपाशी नेऊन ठेवला. रडणं आता स्वयंपाकघरातून येत होतं. त्या पेला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, तर ते मागच्या खोलीत. "ये गं सोन्या, ये. चुकलं माझं, ये," म्हणत त्या पलंगाखाली वाकल्या, कपडे बाजूला करून पाहिलं, न्हाणीघराच्या फरशीवर गुडघे टेकून हात चारी दिशांना फिरवला. हाताला काही लागेना. फक्त आवाज, प्रत्येक वेळी शेजारच्या खोलीतून.

दाराची किल्ली फिरली. लेक आत आली. "काय म्हणाल्या बाई? मिळाला ना परवाना?"

मावशींनी होकारार्थी मान डोलावली. त्यांच्या हातात पेला होता आणि बाहीवर दूध सांडलं होतं.

लेकीने पिशवी खाली ठेवली, मग एकाएकी वर पाहिलं आणि कान दिला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई, अजून एक पोर राहिलंय वाटतं. कुणाचे आईबाप आले नाहीत?"