तुळसाने निवळलेल्या तिसऱ्या

विषाला वास नसेल, चव नसेल, तर आईने ते ओळखायचं कसं? सांगा की! तुळसालाही वाटलं होतं, आपण ओळखू.

भाट्ये गावाच्या पुढे खाडीला लागून खारवाडी आहे, तिथली ही तुळसा. ओहोटी लागली की काष्टा मारून गुडघाभर चिखलात उतरायची आणि पायाच्या बोटांनी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, हुडकायची. बाजारात तिचा वाटा आधी संपे, कारण दाताखाली रेव येत नसे. तिसऱ्या ती रात्रभर पाण्यात निवळत ठेवी. शिंपले जरासे उघडत, पोटातली रेव सोडत, आणि सकाळी भांड्याच्या तळाला वाळू बसलेली असे. "माझ्या तिसरीत खडा गावला तर पैसे परत, वर शिवी फुकट!" असं ती गिऱ्हाइकाला ऐकवायची.

यंदा तिची लेक समीक्षा पहिल्या बाळंतपणाला विरारहून माहेरी आली. डोहाळे एकच, तिसऱ्यांचं सुकं. आईला आणखी काय हवं?

कॉलेजात शिकणाऱ्या ऋजुताने खाडीतला चिखल आणि तिसऱ्या तपासायला नेल्या होत्या. ती सांगायला आली, "तुळसाकाकी, चिखलात शिसं आहे, कॅडमियम आहे, दोन्ही विषारी धातू. तिसऱ्यांतही उतरलंय. समीक्षाला देऊ नका, पोटातल्या बाळाला बाधेल."

"जाळ्याला आमी जन्मभर शिशाच्या गोळ्या बांधल्या. मेला काय कोण?"

खाडीच्या वरच्या अंगाला बोटींचा जुना रंग खरवडायचा कारखाना आहे. त्या रंगातली शिशाची भुकटी कुठे जाते, हे मालकाला ठाऊक आहे आणि त्याला परवानगी देणाऱ्यालाही. चिखल तक्रार करत नाही, म्हणून दोघांचं बरं चाललंय.

तुळसाने आपलं डोकं चालवलं. शिसं तर जड. रेव सुटते तसं तेही सुटेल, तळाला बसेल. तिने तिसऱ्या जास्तच दिवस ठेवल्या, पाणी पुन्हापुन्हा बदललं. तळाला निव्वळ वाळू. झालं, तिची खात्री पटली. "खा माझे बाय, निवळून घेतल्यात." आणि ऋजुताचं तोंड बंद करायला त्यातल्याच थोड्या तिच्या हातात दिल्या. "ने, तपास. मग माझ्याशी वाद घाल."

तपासणी होईपर्यंत समीक्षा खात होती.

ऋजुता परत आली ती अंगणातच थांबली. "काकी, काहीच सुटलं नाही. ते मांसातच मुरलेलं असतं."

त्या दिवसापासून भांडं पडवीत पालथं पडलंय. तरी भाकरी थापताना तुळसाला मागून शिंपले उघडल्याचा आवाज येई. टिक. वळून बघावं तर काही नाही. अंगणात वर्षानुवर्षांच्या शिंपल्या पसरलेल्या. पायाखाली एकेक करकरली की वाटे, ही तर आपण लेकीला वाढलेली.

"आये, बघ, लाथ मारतंय," म्हणत समीक्षा तिचा हात पोटावर ठेवी, आणि तुळसा तो पटकन काढून घेई.

"आज तिसऱ्या नाय?"

"भरती हाय गो."

"रोज भरती? खाडीला ओहोटी लागायची बंद झाली काय?" समीक्षा हसे. तुळसा खरं दडवून भाकरी उलटत राही.

शेवटी शेजारची कमळा प्रेमाने तिसऱ्यांची बशी घेऊन आली. "घे पोरी, तुझ्या आवशीला आता कंटाळा आलाय." समीक्षाने हात पुढे केला, आणि तुळसाने बशी उडवली. रस्सा भिंतीवर, तिसऱ्या जमिनीवर.

"काय गो तुळसा, विष घातलंय काय मी?" कमळा कडाडली.

"तू नाय. मी घातलंय," तुळसा म्हणाली, आणि खाली बसून तिने सगळं सांगितलं.

समीक्षाचा हात पोटावर गेला. "मग मी खाल्ल्या त्या?"

तुळसाने तिला तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलंय. रिपोर्ट यायचाय, बाळही यायचंय.

ओहोटी लागली की तुळसा आता खाडीच्या पायवाटेवर आडवी उभी राहते. चिखलात उतरणाऱ्या बायांचे हात धरते. काही हसतात, काही ढकलून जातात. एखादे दिवशी ती तुमचाही हात धरेल. वेडी म्हणून तो झटकू नका. टोपली खाली ठेवा आणि ती काय सांगते ते पुरतं ऐकून घ्या.