रांजणाखालची इटलीची बाटली

आमचे हे परतूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते तेव्हाची गोष्ट. नवं यंत्र बसवायला इटलीचा एक फिटर साहेब आला होता. इथलं तिखट खाऊन त्याचं पोट बिघडलं, म्हणून पंधरा दिवस मी त्याला मऊ भात आणि ताक पाठवलं. जाताना त्याने ट्रंकेतून एक बाटली काढून ह्यांच्या हाती दिली. त्याच्या भावाच्या मळ्यातल्या द्राक्षांची गोड, लाल दारू. तिकडे जेवणानंतर गोडधोडासोबत घेतात म्हणे. गार, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा आणि वर्षाच्या आत संपवा, असं त्याने बजावलं होतं.

ह्यांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, पण गोडाचं वेड असं की गुळाचा खडा खिशात ठेवून फिरायचे. "दिवाळीला अनारशासंगं घेऊ," म्हणाले. "तोवर तू सांभाळ. तुझ्या हातचं काही खराब होत न्हाई."

झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. गल्लीत माझ्या लोणच्याचा लौकिक होता. कुणाच्या बरणीला फेस आला की बायका मला विचारायला यायच्या. माझ्या बरणीत कधी बुडबुडा दिसला नाही.

बाटली मी रांजणाखालच्या ओल्या वाळूत आडवी पुरली. वाळू सुकली की पाणी शिंपडायचे. पाहुणं आलं की त्या जागी तांब्या ठेवायचे, कारण कारकुनाच्या घरात दारू म्हटल्यावर गावभर बोभाटा झाला असता. हे कामावरून आले की आधी रांजणाकडे बघायचे. "किती दिवस राह्यले गं?" मला हसू यायचं. चार महिने असे मजेत गेले.

दिवाळीतला शुक्रवार, सुटीचा दिवस. हे देवळात गेले होते आणि मला राहवेना. लोणचं वाढण्याआधी वास घेऊन बघायची माझी सवय. बाटलीच्या बुचावर आवळलेली तार सोडवली, बूच जरा हलवलं, तर ते उडून आढ्याला लागलं आणि गुलाबी फेस भसाभसा वर आला. ह्यांची एवढी हौस, आणि मी नासवून ठेवली. हे यायच्या आत निस्तरावं म्हणून बाटली मोरीत उपडी केली.

"अगं, काय करून राह्यली?" हे दारात उभे.

"नासली हो. फेस आला."

"फेस तर येणारच. सोड्यावानी फसफसती, म्हणला होता साहेब. तुला सांगायचंच राह्यलं."

मी अशी तणतणले! चार महिने रांजणाकडे टक लावायला वेळ होता, एवढं सांगायला तोंड नव्हतं? आणि मग रडू आलं.

ह्यांनी बाटली उचलून हलवली. तळाशी दोन घोट उरले होते. ते चांदीच्या वाटीत ओतले आणि वाटी माझ्या हाती दिली. "सांभाळली तू. पहिलं तूच घे."

दार लावलंय ना ते बघून मी वाटी तोंडाला लावली. गुलकंदाचा वास, पिकल्या करवंदाची गोडी, जिभेवर गुदगुल्या. अर्धाच घोट घ्यायचा असं ठरवलं होतं, पण वाटी खाली ठेवली तेव्हा ती कोरडी होती.

मी मान वर करेना. ह्यांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"मंग आता बराबर सांग," म्हणाले, "कशी लागली?"

मी सांगत राहिले, आणि हे डोळे मिटून ऐकत राहिले.