एकनाथरावांची अकरा हजार पावलं

"हा आपला स्टार पेशंट," सर म्हणाले आणि लेझरचा लाल ठिपका एकनाथरावांच्या आलेखावर गोल गोल फिरवू लागले.

पडद्यावर दोन रेघा होत्या. भीतीची रेघ पार तळाला गेलेली. रोजच्या पावलांची वर चढलेली, दिवसाला अकरा हजार. मीटिंग रूममध्ये टाळ्या पडायच्याच काय त्या बाकी होत्या. एकनाथराव माझे पेशंट, त्यामुळे सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मला मात्र काही केल्या पटेना. उजवा पाय ओढत, काठी टेकत चालणारा बासष्ट वर्षांचा माणूस अकरा हजार पावलं चालतो? मी धडधाकट बाई. रहाटणीत आमची लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यापर्यंत मला दोनदा थांबावं लागतं.

मी सायकॉलॉजिस्ट आहे. पिंपरीच्या एका हॉस्पिटलच्या संशोधनात तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर होते. सर त्या संशोधनाचे प्रमुख. स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका येऊन गेला की घरचे हातापायाकडे बघतात. आत बसलेली भीती कुणाला दिसत नाही. झटका परत येईल. आंघोळीत येईल, रस्त्यात येईल, एकटं असताना येईल. मग माणूस आधी बाहेर जाणं सोडतो, नंतर अंगणात जाणं सोडतो, शेवटी एका खाटेपुरता उरतो. या भीतीवर घरबसल्या, फोनवरून उपचार करता येतो का, हे आम्ही तपासत होतो.

कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. एकनाथराव महाळुंग्याचे. तिथून पिंपरीला यायचं तर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जातो. ज्याला रिक्षात बसायचीच धास्ती आहे, त्याला भीतीच्या उपचारासाठी रिक्षाने या म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

आठवड्यातून एकदा मी व्हिडिओ कॉल करायचे. भीतीची एकेक पायरी चढायला लावायचे. आज दारापर्यंत, उद्या फाटकापर्यंत, परवा कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत. रोज संध्याकाळी फोनवर दहा प्रश्नांचा फॉर्म भरायचा. आणि पावलं मोजायला मनगटावर एक बँड. सगळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसायचं. नीट चाललं की नावापुढे हिरवा ठिपका, खंड पडला किंवा पावलं कमी पडली की लाल.

मीटिंग संपल्यावर मी एकनाथरावांची तासातासाची पावलं उघडली. एका आठवड्यात पावलं सकाळी सातला सुरू, दुपारी साडेतीनला बंद. मध्ये साडेअकराला अर्धा तास शून्य. पुढच्या आठवड्यात दुपारी साडेतीन ते रात्री बारा. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा सकाळी सात. आणि दर गुरुवारी जवळजवळ काहीच नाही.

माझे वडील कंपनीत मशीनवर होते. आमच्या घरी जेवण, झोप, नात्यातल्या लग्नाला जायचं की नाही, सगळं शिफ्ट ठरवायची. फर्स्ट, सेकंड आणि गुरुवारची सुट्टी मला पाढ्यासारखी पाठ आहे. हा आलेख आजारी माणसाचा नव्हताच. हा कामगाराचा होता. आणि त्या घरात कंपनीत जाणारा एकच माणूस होता, एकनाथरावांचा मुलगा संदीप.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, बँड पेशंटच्या हातात नाहीये."

"कशावरून?"

"गुरुवारी पावलं नसतात."

"उपास असेल."

"आणि एक आठवडाआड रोज साडेअकराला बरोबर अर्धा तास शून्य?"

"रुटीन लागलंय. गुड साइन आहे ही."

"मी एकदा घरी जाऊन बघते."

"सुजाता मॅडम, ही रिमोट स्टडी आहे. घरी गेलात तर रिमोट कसली? प्रोटोकॉलमध्ये व्हिजिट नाही." प्रोटोकॉल म्हणजे संशोधन कसं करायचं ते आधीच लिहून ठेवलेले नियम. "पुढच्या आठवड्यात त्यांचं क्लोजर आहे. बरे झाले असं लिहा, सही करा, कॉल बंद करा."

माझं डोकंच फिरलं. मी सही केली की त्या माणसाचा उपचार संपणार होता, आणि तो माणूस बरा आहे की नाही हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार. वर त्याची स्लाइड करून दाखवायची!

मी गेले. गुरुवारीच गेले, कारण गुरुवारी संदीप घरी असणार हे आलेखानेच सांगितलं होतं.

एकनाथराव पुढच्या खोलीत खाटेवर बसले होते. स्वयंपाकघरातली बायको, म्हणजे आमच्या काकू, दिसत राहाव्यात म्हणून खाट दाराच्या सरळ समोर ओढलेली. मोरीच्या दाराची कडी काढून टाकलेली. ते आंघोळ करायचे तेव्हा काकू बाहेर स्टूल टाकून बसायच्या.

"दळन टाकाया जायचं म्हनलं तरी शेजारणीला बशिवते मॅडम," काकू म्हणाल्या. "तीन म्हैनं झालं, फाटकापतोर गेलं न्हाईत."

संदीप भिंतीला टेकून उभा होता. डावा हात पाठीमागे. मी काही बोलायच्या आधीच त्याने तो पुढे केला. मनगटावर आमचा बँड.

"मॅडम, तो मधेच थरथरायचा. बाबा म्हणायचे, आला झटका. दुसऱ्या दिवशीच काढून टाकला त्यांनी. मग तुमच्या ऑफिसातून फोन. बँड बंद आहे, लाल दिसतंय. तीनदा आला. तिसऱ्यांदा तुम्हीच होता. असंच राहिलं तर नाव कमी होईल म्हणालात."

मी म्हणाले होते. शब्दही हेच होते.

"आमच्या कंपनीत बोर्डावर लाल दिसलं की कशामुळे झालं ते कुणी विचारत नाही, कुणामुळे झालं ते विचारतात," संदीप म्हणाला. "मग आम्ही हिरवं करून टाकतो. तेच केलं. फॉर्म चहाच्या सुट्टीत भरायचो. सगळ्याला 'नाही'."

दुसऱ्यांवर चिडायचं तर माझंही सांगायला हवं. दर आठवड्याला काका माझ्यासमोर पडद्यावर असायचे. मी विचारायचे, कसं वाटतंय? ते म्हणायचे, बरं हाय. फाटकापर्यंत गेलात का? शेजारून संदीप, "रोज जातात मॅडम." पेशंटच्या जागी मुलगा बोलतोय हे मला ऐकू येत होतं. तरी मी पुढच्या प्रश्नावर जायचे, कारण यादीत अजून सात कॉल असायचे.

"माज्या नावानं काय लिवलंय?" एकनाथराव म्हणाले. "वाचा."

मी वाचलं. "एकटं असताना भीती वाटते का? अजिबात नाही. घराबाहेर पडताना? अजिबात नाही. झटका परत येईल असं..."

"बास."

त्यांनी डावा हात खाटेवर आपटला. "संद्या, तीस वर्सं फायनल इन्स्पेक्शनला व्हतो मी. साहेब डोक्यावर हुबा ऱ्हायचा, गाडी लागलीया, माल सोड म्हनायचा. एक खोटी टिक मारली न्हाई. आन् तू बापावरच ओके मारलंस व्हय रं?"

"बाबा, तुमचं नाव कापलं असतं."

"कापू दे! खराब पार्ट लाल पेटीत जातो. त्याला चिठ्ठी लावत्यात, काय बिघडलंय त्याची. चिठ्ठी असली तर दुरुस्त तरी व्हतो. तू मला चांगल्यात टाकून गाडीवर चढिवलंस."

संदीपने मनगटावरचा बँड काढून खाटेवर ठेवला. एकनाथराव माझ्याकडे वळले. आवाज एकदम उतरला होता.

"मॅडम, मला भ्या वाटतं. लई वाटतं. लिवा."

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. मी पर्समधून कागदी फॉर्म काढला. त्यांनी मला लिहू दिलं नाही. डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या खुणा करत, एकेका प्रश्नावर थांबत त्यांनी तो स्वतः भरला. भीती पहिल्या दिवसापेक्षा जास्त निघाली.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला.

"एका पेशंटमुळे सगळा ग्राफ बिघडतो हो," सर म्हणाले.

"बिघडलंय ते पेशंटचं, सर. ग्राफला काय धाड भरलीये?"

"मग प्रोटोकॉल मोडला म्हणून ड्रॉप करा."

"म्हणजे खोटं चाललं होतं तोवर स्टार, आणि खरं बोलला की बाहेर?"

मी क्लोजरवर सही केली नाही. एथिक्स कमिटीला पत्र लिहिलं. संशोधनात पेशंटवर अन्याय होऊ नये हे बघणारी ही समिती. पत्रात माझी नियमबाह्य व्हिजिटही लिहिली आणि 'नाव कमी होईल' ही माझी धमकीही लिहिली.

समितीने एकनाथरावांचे जुने आकडे बाद केले, पण उपचार चालू ठेवायला लावला. बाकीच्यांचे बँडही तपासायला सांगितले. तेव्हा आणखी काही बँड भलत्याच मनगटांवर सापडले. एका आजीबाईंचा तर नातीच्या हातात रोज शाळेत जात होता. स्टार पेशंटची स्लाइड गेली. पुढच्या कॉन्ट्रॅक्टच्या यादीत माझं नाव नव्हतं, त्याचं कारण कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पण माझा संताप आजही उतरत नाही तो वेगळ्याच गोष्टीवर. बँडची थरथर बंद करायला सेटिंगमध्ये एक बटण होतं. एका मिनिटाचं काम. आम्ही त्या घरी तीन फोन केले, आणि काकांनी बँड का काढला हे तिन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

माझ्या शेवटच्या कॉलला एकनाथरावांनी फोन स्वतः धरला होता. पडद्यावर अर्धं कपाळ आणि अर्धा पंखा. थरथर बंद केलेला बँड त्यांच्याच मनगटावर होता. त्या दिवशीची पावलं दोनशे बारा. फाटकापर्यंत दोनदा जाऊन आले होते, दुसऱ्यांदा काकूंशिवाय.

"लालच दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"लालच आहे काका."

"पर माजंच हाय न्हवं?"

"तुमचंच."

"मग ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून कुणी मला हिरवा आलेख दाखवला की मी अभिनंदन नंतर करते. आधी विचारते, बँड कुणाच्या हातात आहे.